यादीतला गोठा

"समाजशास्त्र म्हंजे नक्की काय शिकवतात गो तुला?" रावजी उतेकरांनी विडीचं थोटूक ओटीच्या कडेला विझवत लेकीला विचारलं. गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी कितीदा विचारला असेल, त्याला गणती नाही.

"माणसं एकमेकांशी कशी वागतात ते, बाबा," सेजल म्हणाली.

"आन् त्याला म्हाडला जाया लागतंय? हितं काय कमी मानसं हायत?"

ओटीवर टेकलेली दोघं-तिघं हसली. सेजलही हसली. दिवाळीची सुट्टी होती, भातकापणी उरकत आली होती, आई अंगणात पेंढे रचत होती. पोलादपूरहून आंबेनळीच्या अंगाला चढावं, डांबरी सोडून तासभर पायवाट तुडवावी, तेव्हा कुठे सातीणकोंड लागतं. वीज आली, नळ आला, देवळामागच्या कातळावर मोबाइलची रेंजही आली. रस्ता तेवढा आला नाही. कमावती माणसं सगळी मुंबईला, आणि वाडीत म्हातारीकोतारी नि म्हशी. अशा वाडीतून महाडच्या कॉलेजात जाऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलेली सेजल ही पहिलीच मुलगी. तिच्या वर्गात मुलं होती अवघी नऊ. बाकीची सगळी कॉमर्सला, नाहीतर एमआयडीसीत. "हे शिकून काय दिवे लावणार?" असं तिच्या सख्ख्या मामीनेही नाक मुरडून म्हटलं होतं.

नीला मॅडमनी यंदा प्रत्येकाला आपापल्या गावाची पाहणी करायला सांगितली होती. घरागणिक एक फॉर्म. माणसं किती, मुंबईला किती, कुणाला काय दुखणं, दवाखाना किती लांब, अडीनडीला धावून कोण येतं.

त्यासाठी आधी घरांची यादी हवी. ती मिळवायला सेजलला उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही. रावजी गावकीचे कारभारी होते आणि पाळ्यांची वही त्यांच्याच फडताळात असे. देवळात दिवा कुणी लावायचा, पालखीला खांदा कुणी द्यायचा, आजाऱ्याला डोलीत घालून खालच्या रस्त्यापर्यंत कुणी न्यायचं, सगळ्याच्या पाळ्या त्या वहीत. घरं एक्केचाळीस.

"ही घे. हिच्यात नाय ते गावात नाय," रावजी अभिमानाने म्हणाले.

पोरीने वहीवरून यादी उतरवली आणि चार दिवसांत एक्केचाळीस घरं फिरून आली. कुठे चहा, कुठे चकली, कुठे "आमच्या पोराला नोकरी लागंल काय या फॉर्मान?" एका प्रश्नाला मात्र सगळ्यांनी छाती पुढे काढून एकच उत्तर दिलं. आजारी माणसाला न्यायला कोण येतं? "आक्का गाव येतो!" आणि हे खोटं नव्हतं हो! भागोजीच्या आईला भर पावसात आठ जणांनी आळीपाळीने खांदे देऊन खाली नेलं होतं, म्हातारी वाचली होती. सेजलने ते स्वतः पाहिलं होतं. लिहिताना तिचा ऊर भरून आला.

फक्त ओढ्यापलीकडच्या घरी ती गेली नाही.

आता हे घर कुणाचं, ते सांगायला हवं. ते सोनबा आणि बायजा यांचं. त्यांचा एकुलता एक लेक चंदू मुंबईत इमारतीच्या कामावर पडून गेला. मागे राहिली तेवीस वर्षांची सून, पूनम. दोन वर्षं तिने सासू-सासऱ्यांची गुरं राखली, शेत लावलं, आणि बोलणं असं हळूहळू सोडूनच दिलं. सोनबाला ते बघवेना. दासगावचा जितेश नावाचा एक भला मुलगा तयार झाला. म्हाताऱ्या-म्हातारीने महाडला जाऊन सुनेचं लग्न लावून दिलं, मुलीसारखी पाठवणी केली. कुणाचं काय बिघडलं यात? पण गावकीचं बिघडलं. गावकीला विचारलं नाही! विधवा सून उजवली, गावाची अब्रू घालवली! मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळानेही फोनवरून होकार दिला. सोनबाने देवळासमोर नाक घासून माफी मागायची, असं ठरलं.

"ल्योक माझा गेला, सून माझी व्हती," सोनबा भर सभेत म्हणाला होता. "नाक घासायला मी काय पाप केलं रे?"

त्या दिवशी वहीत त्याच्या घरावर काट मारली गेली. ती मारली रावजींनीच. त्या घराशी बोलायचं नाही, सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतकामाला, बोलवायचं नाही, त्यांनी ओढा ओलांडून वाडीत यायचं नाही. जो बोलेल, त्याचंही घर पलीकडे. या गोष्टीला सहा वर्षं झाली. सेजल तेव्हा चौदाची होती. पूनमवयनीने तिच्या वेण्या घातल्या होत्या, बायजाकाकीच्या चुलीपाशी बसून तिने तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. पहिले काही महिने ती ओढ्यावर धुणं धुताना पलीकडे बघायची. मग आईने बघू नको म्हटलं. मग बघायचं राहूनच गेलं. माणूस कशालाही सरावतो, हे तिला पुस्तकात शिकवलं होतं. ते आपल्याबद्दल लिहिलं आहे, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा नीला मॅडमनी तिचे फॉर्म पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. नकाशा हवा म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर सातीणकोंडाचा उपग्रहावरून काढलेला फोटो उघडला आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक छप्पर मोजलं.

"सेजल, इथे ओढ्यापलीकडे हे एक छप्पर दिसतंय. हे कुणाचं?"

एक वाक्य बोलायचं होतं. बोललं असतं तर सगळं उलगडलं असतं. बाबांची वही, गावकी, काट. वर्गात बाकीचे आठ जण बसले होते. आपलं गाव कसं एकजुटीचं, हे ती त्यांना आत्ताच सांगून चुकली होती.

"तो गोठा आहे, मॅडम," ती म्हणाली.

मॅडम क्षणभर फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी "बरं" म्हटलं आणि सेजलने नकाशावर त्या चौकोनात स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं: गोठा.

प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. मुलं नाहीत म्हणून समाजशास्त्राचा वर्ग बंद करायचं कॉलेजात घाटत होतं, ते त्या वर्षापुरतं थांबलं. एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण मुंबईची एक संस्था डोंगरातल्या वाड्यांवर औषधोपचाराला डॉक्टर पाठवत असे. तिने सेजलचा अहवाल मागून घेतला. आजाऱ्यांची घरागणिक यादी आयती तयार! पौषात डॉक्टर मुलगी, दोन नर्सबाई आणि औषधांच्या पेट्या असा लवाजमा पायवाट चढून वर आला. दम लागेपर्यंत ती माणसं घरोघर फिरली. कुणाची साखर बघितली, कुणाचा रक्तदाब, तिघांना महाडच्या दवाखान्यात नेलं. सेजल यादी घेऊन पुढे, आणि भागोजी मिरवायला बरोबर. हे भागोजी म्हणजे मुंबईच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, आता रिटायर होऊन वाडीत आलेले. "एकदम परफेक्ट सर्व्हे हाय डॉक्टर," ते सांगत होते. "एक बी घर मिस नाय."

शेवटच्या घरातून निघताना डॉक्टर मुलीला ओढ्यापलीकडे एक बाई उभी दिसली. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात कुठल्याशा जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. पाण्याच्या कडेपर्यंत आली होती, पाय पाण्यात घालत नव्हती. तोंडाने हाक मारत नव्हती, नुसतं ते पाकीट वर धरून उभी होती.

"तिकडे कोण राहतं?" डॉक्टर मुलीने विचारलं.

"कोन नाय वो," भागोजी म्हणाले. "गोठा हाय त्यो. गुरांमागची बाय हाय ती."

डॉक्टर मुलीने सेजलच्या हातातल्या नकाशावर नजर टाकली. गोठा. तसं लिहिलंच होतं. ती सेजलला म्हणाली, "चला, उतरताना अंधार नको व्हायला." सेजलने वर पाहिलं. बायजाकाकी तिच्याकडेच बघत होती. सेजलने मान खाली घातली आणि पायवाटेला लागली. सोनबाच्या पायांना सूज होती, दोन महिने त्याला आडवं झालं की दम लागत होता, आणि असल्याच दुखण्याच्या त्या तिघांना डॉक्टर मुलीने त्या दिवशी गोळ्या देऊन, चिठ्ठी लिहून मार्गाला लावलं होतं. सोनबाचं हे दुखणं सेजलला तेव्हा माहीत नव्हतं. पाकीट मात्र तिने पाहिलं होतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी, रविवारी, सेजल घरी होती. सकाळची उन्हं अंगणात आली होती. बायजा ओढा ओलांडून वाडीत शिरली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

आधी भागोजीच्या दारात गेली. दार लागलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. हाका ऐकू येत होत्या, दारं लागल्याचे आवाज ऐकू येत होते. शेवटी ती रावजींच्या अंगणात आली. पायांत वहाण नव्हती, छातीवर हात दाबून धरलेला.

"रावजी भावजी, धन्याच्या छातीत कळ आलीया. पूनमीला फोन केलाय, गाडी खाली आलीया. चार मानसं द्या वो. डोलीपुरती द्या. मंग परत बोलू नका आमच्याशी, काय बी नका करू."

खरंच खालून रुग्णवाहिकेचा आवाज येत होता. रावजी ओटीवर बसले होते. त्यांनी बायजाकडे पाहिलं नाही. त्यांनी फडताळाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते पाहिलं. मग उठले आणि आत गेले. आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून उभी होती.

सेजल बाहेर आली.

"पोरी, भायेर पाय टाकू नको," आतून रावजींचा आवाज आला. "आपलं घर जाईल. ऐकतंस काय?"

तिने ऐकलं आणि देवळाकडे धावत सुटली. डोली तिथे आढ्याला टांगलेली असे. ती काढताना तिची बोटं सोलपटली. ओढ्यापलीकडे जाऊन सोनबाला डोलीत घातलं, आणि पुढे सेजल, मागे बायजा असा त्या दोघींनी बांबू खांद्यावर घेतला. सोनबा वाळून काडी झालेला, तरी माणसाचं ओझं ते. वीस पावलं चालायचं, टेकायचं, परत उचलायचं. वाडीच्या मधूनच वाट जाते. एका दाराची फट बारीकशी उघडली आणि परत लागली. आठ जणांनी आळीपाळीने खांदे दिलेली ती हीच वाट आणि हीच डोली.

दुसऱ्या वळणावर सोनबाने डोळे उघडले. पुढे कोण चाललंय ते त्याला दिसलं असावं.

"ही रावजीची ना गो?" त्याने विचारलं.

"व्हय, सेजू हाय," मागून बायजा म्हणाली. "बोलू नका."

"लय मोटी झाली," सोनबा म्हणाला.

रुग्णवाहिकेचे डॉक्टर धापा टाकत वर चढत आले, तेव्हा डोली वाटेतच खाली ठेवलेली होती. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, मग नळी काढून खिशात ठेवली. बायजा रडली नाही. तिने नवऱ्याच्या तोंडावरची धूळ पदराने पुसली आणि सेजलचा हात घट्ट धरला. पूनम आणि जितेश पोचले तेव्हासुद्धा तिने तो सोडला नव्हता. गावच्या स्मशानात जागा नाही, असा निरोप वाडीतून आधीच आला होता. सोनबाला दासगावात सावित्रीच्या काठी अग्नी दिला, जितेशच्या भाऊबंदांनी.

दिवस मावळायच्या आत सेजल घरी आली. रावजी ओटीवर तिथेच बसले होते.

"तुला वाटतं, मला काळीज नाय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "सोनबा आन् मी एका पाटीवर अक्षरं शिकलो. पन मी उठलो असतो तर उद्या माझ्या घरावर काट. तुझं लगीन कुटं व्हायचं? आमी मेलो तर उचलायला कोन?"

"हाच विचार एक्केचाळीस घरांनी केला, बाबा."

"मंग? मी एकट्यानंच मराया हवा व्हता?"

बाप राक्षस असता तर तिचं काम सोपं झालं असतं. हा तर तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा बाप होता, आणि त्यानेच दार लावून घेतलं होतं. ती ढसाढसा रडली. मग उठून तिने कपड्यांची पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी महाडला तिने नीला मॅडमना सगळं सांगितलं. वही, काट, गोठा, पाकीट.

"माझं बक्षीस परत घ्या, मॅडम. वर्ग बंद पडला तर माझ्यामुळे पडला म्हणा."

मॅडमनी चष्मा काढला. "मला शंका आली होती, सेजल. त्या छपराशेजारी न्हाणीघर दिसत होतं. गोठ्याला कोण न्हाणीघर बांधतं? पण मला एक चांगला प्रकल्प हवा होता. वर्ग वाचवायचा होता." "आणि बघ ना, कोण येतं ते मी विचारायला लावलं. कोणाकडे कोणी जात नाही, हा प्रश्न मला सुचला नाही. वीस वर्षं शिकवते आहे मी हे!"

"आता काय करायचं?"

"अहवाल मागे घेऊ. नवा लिहू, खरा. माझी चूक मी माझ्या नावाने लिहीन. पण अहवालात आपण माणसांची नावं घालत नाही, तुला माहीत आहे. ज्यांनी विश्वासाने दार उघडलं, त्यांना उघडं पाडायचं नसतं."

"मी बायजाकाकीचा हात धरून वाट उतरलेय, मॅडम. ते मी विद्यार्थिनी म्हणून नाही पाहिलं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे ना? मग तिथे मी नावं सांगेन."

मॅडम म्हणाल्या, "पहिलं नाव तुझ्या वडिलांचं असेल."

"हो," सेजल म्हणाली.

तेराव्यानंतर पूनम बायजाला घेऊन पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात आली. सेजल आधीच येऊन थांबली होती. बाकावर तिघी ओळीने बसल्या. बायजाने सवयीने सेजलचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्या दिवसांत ती पूनमला सारखी सांगत होती म्हणे, की आक्क्या गावात एकच मानूस निगालं, आन् ती रावजीची पोर.

हवालदारांनी कागद पुढे ओढला. सहा वर्षांचं सगळं बायजाने सांगितलं, अडखळत, एकेक. मग साक्षीदार म्हणून सेजलला विचारलं. वहीवर काट कुणी मारली?

"रावजी उतेकर. माझे वडील."

हवालदारांनी वर पाहिलं आणि परत लिहायला लागले. दारं कुणी लावली, निरोप कुणी पाठवला, ते तिने सांगितलं. एकेका नावाबरोबर तिच्या डोळ्यांपुढे एकेक चुलता, एकेक काकी उभी राहत होती.

"झालं? अजून कुणी?"

इथे ती "नाही" म्हणाली असती तरी चाललं असतं. कुणालाच कळलं नसतं. नकाशा फाडून नवा काढता आला असता.

"आहे," सेजल म्हणाली. "पौषात डॉक्टर आले होते. ते घर बघायला गेले नाहीत, कारण यादीत ते घर नव्हतं. ती यादी मी केली. मॅडमनी विचारलं तेव्हा मी त्या घराला गोठा म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसले. काकी ओढ्यावर गोळ्यांचं पाकीट धरून उभ्या होत्या. मी बघितलं होतं."

बायजा हलली नाही. आपण काय ऐकलं ते तिला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिने आपल्या मांडीवरचा सेजलचा हात उचलला आणि बाकावर ठेवला, आणि पूनमकडे सरकून बसली.

"ताई, हे तुमचं कशाला लिहायचं?" हवालदार अवघडून म्हणाले. "तुम्ही तर साक्षीदार."

सेजलच्या आधी बायजाच बोलली. सेजलकडे न बघता, समोरच्या कागदाकडे बघत.

"लिवा सायेब," ती म्हणाली. "तिचं बी लिवा."

सेजलने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि हवालदारांना नीट ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.